उसना श्वास

बंगालात नदीकाठच्या गावांमध्ये साप चावून गेलेल्या माणसाला चिता न देण्याची रीत होती. केळीचे सोट बांधून तराफा करायचा, त्यावर त्याला निजवायचं आणि प्रवाहात सोडून द्यायचं. खाली कुठल्यातरी घाटावर एखादा जाणता ओझा, म्हणजे मांत्रिक, भेटेल आणि विष उतरवेल, ही त्यामागची आशा. सापांची देवी मनसा हिच्या कथेतली बेहुला अशाच तराफ्यावर बसून निघाली. लग्नाच्या रात्रीच तिच्या नवऱ्याला, लखिंदरला साप डसला होता. गाव म्हणत होतं, तो गेला. ती ते मान्य करायला तयार नव्हती.

आपल्याकडे तराफा नव्हता, पण शंका तीच होती. खेड्यातली जुनी माणसं सापाचं नाव घेणं टाळतात, 'पान लागलं' म्हणतात. पान लागलेल्याला देवळात आणून बसवत, कडुनिंबाचा पाला चावायला देत, कडू लागतोय का विचारत, आणि सगळे एकच गोष्ट बजावत: त्याला झोपू देऊ नका. झोपला की गेला. रात्रभर भजन चाले, तोंडावर पाण्याचे हबके मारले जात. तरीही पहाटेकडे त्याचे डोळे मिटत आणि तो मान टाकी.

या रीतींतला मंत्र बाजूला ठेवला, तर खाली अगदी बारकाईनं पाहिलेलं काही हाती लागतं. नाग किंवा मण्यार चावल्यावर सर्वांत आधी पापण्या जड होतात, कारण पापणी उचलणारे स्नायू विषापुढे लवकर हरतात. ती झोप नसतेच. मग बोलणं अडखळतं, थुंकी गिळता येत नाही, मानेचे स्नायू सैल पडतात आणि डोकं छातीवर कलंडतं. 'मान टाकली' हा शब्दप्रयोग मरणाचा समजला गेला, पण त्या घटकेला हृदय धडधडत असतं आणि माणूस आतून जागा असतो. शेवटी छातीचा भाता थांबतो. मरण येतं ते तिथून, श्वासाच्या वाटेनं. एवढी साधी वाटणारी गोष्ट सिद्ध व्हायला आणि तिचा उपयोग करता यायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. त्या शंभर वर्षांची सुरुवात कलकत्त्यात झाली.

१८६०च्या दशकात कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात जोसेफ फेरर शस्त्रक्रिया शिकवत. १८५७च्या उठावात ते लखनौच्या रेसिडेन्सीत वेढ्यात अडकले होते. वेढ्यातल्या इंग्रजांचे प्रमुख हेन्री लॉरेन्स यांनी प्राण सोडला तो फेररांच्याच घरात. हिंदुस्थानात साप चावून किती माणसं मरतात याचा नेमका आकडा तेव्हा कोणाकडेच नव्हता. फेररनी प्रांतोप्रांतींच्या नोंदी मागवल्या. १८६९ या एका वर्षात ११,४१६ मृत्यू! बंगाल, आसाम आणि ओरिसा मिळून ६,६४५, वायव्य प्रांतात १,९९५, अवधमध्ये १,२०५, मध्य प्रांतात ६०६. मध्य प्रांत म्हटलं की नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा आपला मुलूख त्यात आला. मुंबई आणि मद्रास हे इलाखे या बेरजेत धरलेलेच नव्हते. आणि दूरच्या पाड्यावर रात्रीत दगावलेल्या बाईची नोंद पोलीस पाटलाच्या वहीत कितपत पोचत असेल, हे आपण आजच्या अनुभवावरून ओळखू शकतो.

फेररनी कॉलेजात साप गोळा केले, गारुडी हाताशी धरले आणि कुत्री, कोंबड्या, कबुतरं यांच्यावर प्रयोग सुरू केले. त्यांचा 'द थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया' हा मोठ्या आकाराचा ग्रंथ १८७२ साली लंडनमध्ये निघाला. त्यातली सापांची रंगीत चित्रं कलकत्त्याच्या कलाशाळेतल्या देशी विद्यार्थ्यांनी जिवंत नमुने समोर ठेवून काढली होती. आजही ती पानं उघडली की खवल्याखवल्यावरची चमक डोळ्यांत भरते.

त्या काळी उपायांना तोटा नव्हता. मद्रासेकडे तंजावरच्या गोळ्या प्रसिद्ध होत्या. घोणशीला इंग्रजीत ज्यांचं नाव मिळालं ते पॅट्रिक रसेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीलाच त्या तपासल्या होत्या. त्यांत सोमल होता. कोणी विष ओढणारा दगड चिकटवी, कोणी चावा कापून त्यात बंदुकीची दारू भरी, कोणी ब्रँडीचे पेले पाजी. मेलबर्नचे प्राध्यापक जॉर्ज हॅलफर्ड शिरेत अमोनिया टोचायला सांगत होते. फेररनी एकामागून एक उपाय पारखले आणि एकामागून एक टाकून दिले. पण ते करताना दोन गोष्टी त्यांच्या नजरेत भरल्या. घोणशीनं मारलेल्या जनावराचं रक्त गोठत नाही, नागानं मारलेल्याचं गोठतं. म्हणजे दोन्ही विषांचे मार्ग वेगळे. आणि नाग चावलेल्या कुत्र्याचा श्वास बंद पडल्यावरही त्याचं हृदय काही वेळ चालूच राहतं.

हृदय चालू आहे, मग श्वास का थांबला? या प्रश्नाचा धागा दुसऱ्याच एका विषापाशी जाऊन मिळत होता. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारी बाणाच्या टोकाला क्युरारे लावत. १८१४ साली लंडनमध्ये चार्ल्स वॉटरटन आणि त्यांच्या सोबत्यांनी एका गाढविणीला क्युरारे टोचलं, ती निपचित पडल्यावर तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन भात्यानं हवा भरत राहिले. विष ओसरलं आणि गाढवीण उठून उभी राहिली. तिचं नाव वुरालिया ठेवलं गेलं आणि ती पुढे पंचवीस वर्षं वॉटरटन यांच्या कुरणात चरली. नंतर पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी बेडकांवर काम करून दाखवलं की क्युरारे स्नायूला मारत नाही. थेट विजेचा झटका दिला तर स्नायू आकसतो. मज्जातंतूतून दिलेला निरोप मात्र स्नायूपर्यंत पोचत नाही. बिघाड दोघांच्या सांध्यावर होता.

फेररनी वाळवलेलं नागाचं विष लंडनला टॉमस लॉडर ब्रंटन यांच्याकडे पाठवलं. हृदयशूळावर अमिल नायट्राइट वापरण्याची युक्ती ज्यांनी शोधली तेच हे ब्रंटन. १८७३पासून दोघांचे निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात येऊ लागले. नागाचं विष बरंचसं क्युरारेसारखं वागतं, मज्जातंतूंची टोकं बधिर करतं, जनावर गुदमरून मरतं आणि बाहेरून श्वास पुरवला तर हृदय पुष्कळ जास्त वेळ चालतं, असं त्यांनी लिहिलं. नागदंशानं येणाऱ्या मरणाचा ठावठिकाणा पहिल्यांदाच माणसाच्या हाती लागला होता.

मग कलकत्त्यात सरकारी आयोग बसला. डॉ. जोसेफ युअर्ट अध्यक्ष होते, व्हिन्सेंट रिचर्ड्स सदस्य होते. कृत्रिम श्वास, हॅलफर्ड यांचा अमोनिया आणि इतर औषधं यांची परीक्षा करून त्यांनी १८७४ साली अहवाल छापला. अमोनिया कुचकामी ठरला. कृत्रिम श्वासाबद्दलचा निकाल मनाला चटका लावणारा आहे. भाता चालू ठेवला की कुत्र्याचं हृदय तासन् तास चालत राहिलं, पण कुत्री वाचली नाहीत. श्वास आयुष्य लांबवतो, जीव वाचवत नाही, असा सूर निघाला आणि तो मार्ग बाजूला पडला.

मला या अहवालापाशी नेहमी थांबावंसं वाटतं. त्या माणसांनी हातचं राखून काम केलं नव्हतं. पण ते श्वासाकडे उतारा म्हणून पाहत होते. श्वासानं विष उतरत नाही. श्वासानं वेळ मिळतो, आणि सांध्यावरून विष सुटायला, मज्जातंतू सावरायला वेळच लागतो. तो कधी तासांत मोजावा लागतो, कधी दिवसांत. भात्यावर बसलेल्या माणसाचे हात त्याआधी थकतात. कलकत्त्यात कमी पडलं ते हे बळ.

पुढची पन्नास-साठ वर्षं संशोधन उताऱ्याच्या मागे लागलं आणि तिथे मोठं यशही आलं. १८९१ साली व्हिएतनाममधल्या बाक-लिएऊ इथे पुराच्या पाण्यानं नाग घरांत शिरले आणि सुमारे चाळीस माणसांना चावले. सायगावला नुकतीच पाश्चर संस्था उघडलेल्या अल्बेर काल्मेत यांच्याकडे पिंपात भरून जिवंत नाग पाठवण्यात आले. त्यातून त्यांचं काम सुरू झालं. थोडं थोडं विष टोचत नेलं की जनावराच्या रक्तात विषाला मारणारं काही तयार होतं, आणि ते रक्तजल दुसऱ्याला देता येतं, हे त्यांनी १८९४ साली जाहीर केलं. आपली लस सगळ्याच सापांवर चालेल असं त्यांना वाटत होतं. भारतीय वैद्यकीय सेवेतल्या जॉर्ज लॅम यांनी ते खोडून काढलं. नागाविरुद्धची लस घोणशीपुढे हतबल होती.

मुंबईत परळला जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये १० ऑगस्ट १८९९ रोजी प्लेगच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा उघडली होती. तीच १९२५पासून हाफकिन संस्था झाली. पुढे तिथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांविरुद्ध चालणारी एकत्र लस बनू लागली. पिंपरीच्या तबेल्यातल्या घोड्यांच्या रक्तातून ती येई. डॉ. पी. जे. देवरस यांच्यासारख्या माणसांनी तिथे सापांचा अभ्यास आयुष्यभर केला. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फ्रीजमध्ये ठेवलेली पांढऱ्या भुकटीची कुपी, ही या साऱ्या परंपरेची देणगी आहे.

पण लस वेळेत देऊनही काही माणसं श्वास कोंडून जातच राहिली. त्यांत मण्यारीचे रुग्ण जास्त. शंभर वर्षांचा धागा इथे पुन्हा श्वासापाशी आला, आणि या वेळी तो आणला एका वेगळ्याच आजारानं.

१९५२च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमध्ये पोलिओची भयानक साथ आली. कोपनहेगनच्या ब्लेगडम रुग्णालयात श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. यंत्रं जवळपास नव्हतीच. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी सुचवलं, गळ्याला छेद देऊन नळी घाला आणि रबरी पिशवी हातानं दाबत राहा. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून खाटांपाशी बसले. रात्री, दिवसा, आठवडेच्या आठवडे ते पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. कलकत्त्याच्या भात्याला जे बळ मिळालं नव्हतं, ते इथे या मुलांच्या हातांनी दिलं. अतिदक्षता विभाग ही कल्पना या साथीतून जन्मली. त्याच देशात १९५६ साली स्वतःहून फुगणारी पिशवीही बनली. आपल्याकडे प्रत्येक कंपाउंडर तिला अंबू बॅग म्हणतो.

आता सांध्यावर नेमकं काय घडतं ते कळायचं राहिलं होतं. ते तैपेईत कळलं. तिथल्या विद्यापीठात चुआन-चिउंग चांग आणि चेन-युआन ली यांनी तैवानातल्या पट्टेरी मण्यारीच्या विषाचे घटक वेगळे केले आणि १९६३ साली निबंध छापला. एकाला नाव दिलं अल्फा-बंगारोटॉक्सिन, दुसऱ्याला बीटा. मज्जातंतू आपला निरोप असिटिलकोलीन या रसायनाच्या रूपानं पाठवतो. तंतूच्या टोकात त्याच्या सूक्ष्म पिशव्या असतात, आणि स्नायूच्या अंगाला तो झेलणारे ग्राहक असतात. अल्फा विष या ग्राहकांवर जाऊन बसतं, दारात आडवं निजल्यासारखं. निरोप येतो, आत जाऊ शकत नाही. नागाच्या विषाचीही हीच तऱ्हा, फक्त त्याची पकड तुलनेनं सैल असते. बीटा विष उलट बाजूनं घात करतं. ते तंतूच्या टोकातल्या पिशव्या रित्या करतं आणि मग ते टोकच मोडून टाकतं. कणगी रिकामी करून घर पाडावं, तसं.

कितीतरी वर्षांचं कोडं इथे सुटलं. लस रक्तातलं मोकळं विष पकडते. पण तंतूचं टोक एकदा मोडलं की कोणतीही कुपी ते जोडू शकत नाही. शरीरालाच ते नव्यानं उगवावं लागतं, आणि तोवर छाती दुसऱ्या कोणीतरी हलवावी लागते. नागदंशात गोष्ट वेगळी. तिथे असिटिलकोलीन जास्त वेळ टिकवणारं निओस्टिग्मीन बरेचदा गुण देतं. १९८६ साली फिलिपिन्समधल्या नागदंशाच्या रुग्णांना याच जातीचं एक औषध दिल्यावर त्यांची शक्ती परत येताना डॉक्टरांनी पाहिली.

या विषानं वैद्यकाला परतफेडही केली. अल्फा-बंगारोटॉक्सिन ग्राहकाला इतकं घट्ट धरतं की त्याच्या मदतीनं शास्त्रज्ञांनी १९७०च्या सुमारास विजेच्या माशांमधून तो ग्राहकच वेगळा काढला. १९७३ साली जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी तो सशांना टोचला, तर ससे लुळे पडले. पापण्या पाडणारा मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार शरीर स्वतःच्याच ग्राहकांवर उलटल्यामुळे होतो, हे त्यातून उमगलं. आज त्या आजाराची औषधं घेऊन नोकरी-संसार करणाऱ्या माणसांवर मण्यारीचंही थोडं ऋण आहे.

मण्यार आपल्या मुलखात पावसाळ्यात घराघराच्या आसपास असते. काळसर निळं अंग, त्यावर पांढऱ्या आडव्या रेषा. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. चावा इतका हलका की कित्येकांना जागही येत नाही, खूण डासाच्या चाव्याएवढी, सूज नाही. मध्यरात्रीनंतर पोटात कळ येते, घसा दुखतो आणि उजाडताना डोळे उघडत नाहीत. रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी असे रुग्ण वर्षानुवर्षं पाहिले, वाचवले आणि २००४ साली मण्यार व नागदंशाच्या ग्रामीण उपचारांवरचा आपला अनुभव आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात मांडला. तालुक्याच्या गावातून जगाला शिकवता येतं, याचा हा दाखला.

या रुग्णांची एक अवस्था प्रत्येकानं जाणून घ्यायला हवी. हातपाय लुळे, हाक मारली तर उत्तर नाही, चिमटा काढला तर हालचाल नाही. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, उजेडानं न आकसणाऱ्या. मेंदू मेला असं सांगणारी सारी लक्षणं तिथे हजर असतात. पण ही विषं मेंदूभोवतीचा पडदा सहसा ओलांडत नाहीत. बाहुलीचे स्नायू बधिर झालेले असतात, पाहणारा मात्र आत शाबूत असतो. त्याला खोलीतलं बोलणं ऐकू येत असतं. आता काही उरलं नाही, हे वाक्यही.

घोणशीची तऱ्हा निराळी. ती रक्त बिघडवते, आणि मेंदूत रक्तस्राव झाला किंवा गुठळी अडकली तर तरुण शेतकऱ्याला अर्धांगवायू होऊ शकतो. कधी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत रक्तस्राव होतो. तो माणूस वाचतो, घरी जातो आणि मग थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं असं सुरू होतं. १९८७ साली ब्रह्मदेशातल्या अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; केरळातल्या डॉक्टरांनीही त्याआधीच हे टिपलं होतं. साप चावून बरा झालेला माणूस महिन्यांनंतर कुठे गेला, हे विचारणारं कोणी हवं.

फेररांच्या ११,४१६ची पुढची बेरीज आपल्या काळात झाली. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशानं गेली, वर्षाला सरासरी ५८,००० असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत घेतलं. २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारनं २०२४ साली जाहीर केला. या मृत्यूंतले कितीतरी टळण्यासारखे होते. जमिनीवर झोपणाऱ्याला खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी मिळाली तर मण्यारीची वाट अडते. चावा कापायचा नाही, करकचून बांधायचं नाही, देवळात वेळ दवडायचा नाही. चावलेला अवयव हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा. पापणी पडू लागली तर समजायचं की पुढची पाळी श्वासाची आहे.

आणि त्या वाटेवरच खरी लढाई असते. १०८च्या गाडीत, घाटातल्या वळणांवर, गळ्यात नळी घातलेला मुलगा आडवा असतो. डॉक्टर एका हातानं सलाईन सांभाळतात आणि त्याच्या बापाला दाखवतात: असं दाबा, सोडा, परत दाबा. शेतात राबून घट्टे पडलेले ते हात पिशवी दाबू लागतात. मुलगा निपचित असतो, डोळे मिटलेले, मान कलंडलेली. कोणी बाहेरून पाहिलं तर म्हणेल, गेला. बाप ते ऐकत नाही. पुढच्या श्वासाची वेळ झालेली असते, आणि तो पिशवी दाबतो.